वाचकांचे प्रश्न : शेतकऱ्याच्या फोनवरचे ॲप आणि काट्यावरचे ॲप

या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे : मोबाइलचे ॲप वेबवर करावे की फोनसाठी खास लिहून घ्यावे (अशा खास लिहिलेल्या ॲपला ‘नेटिव्ह’ म्हणतात). तासगावच्या पत्रातील अडचण अनेक लहान व्यावसायिकांची आहे, म्हणून त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : तासगावजवळ आमचे बेदाण्याचे कोल्ड स्टोअरेज आहे. हंगामात आवक झाली की आम्ही हाताने पावती देतो आणि पुढे वर्षभर ‘माझे किती बॉक्स शिल्लक आहेत, सौद्यात कोणता लॉट गेला, भाडे किती झाले’ असे विचारणारे शेतकऱ्यांचे फोन येत राहतात. ही माहिती त्यांना त्यांच्या मोबाइलवर मिळावी, तसेच आवक नोंदवताना काट्यावरचे वजन थेट उतरावे आणि पावती जागेवर छापून मिळावी, अशी इच्छा आहे. पुण्यातील एका कंपनीने अँड्रॉइड आणि आयफोन यांसाठी दोन स्वतंत्र नेटिव्ह ॲप करण्याचा खर्च सांगितला. सांगलीतील एका तरुणाने त्याच्या सुमारे एक तृतीयांश खर्चात वेबवर चालणारे ॲप देऊ केले आहे. स्वस्त काम कच्चे निघेल अशी भीती वाटते. काय करावे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि माझ्या लक्षात आले की, आपण एका ॲपविषयी लिहीत असलात तरी त्यात दोन वेगळी ॲप आहेत. त्यांचा वापर करणारी माणसे वेगळी आहेत, वापराची जागा वेगळी आहे आणि वापराची वेळही वेगळी आहे. पुण्याची कंपनी आणि सांगलीचा तरुण या दोघांनीही दोन्ही वापरांसाठी आपापले एकच उत्तर दिले, म्हणून हा पेच निर्माण झाला आहे.

पहिला वापरकर्ता म्हणजे शेतकरी. त्याचा माल आपल्याकडे आला की पुढचे काही महिने त्याला अधूनमधून शिल्लक पाहायची असते. सौद्याच्या आसपास कदाचित रोज, इतर वेळी महिन्यातून एकदाही नाही. त्याला हवी असलेली माहिती म्हणजे काही आकडे आणि एक पावती. त्याच्या फोनमध्ये जागा कमी असते, फोन घरात दोघेतिघे वापरतात आणि त्यात आधीच बँकेचे, पीकविम्याचे, मुलांच्या शाळेचे अशी ॲप भरलेली असतात. अशा माणसाला प्ले स्टोअरवर जा, नाव शोधा, उतरवून घ्या, परवानग्या द्या, असे सांगणे म्हणजे ज्या चौकशीसाठी तो आजवर एक फोन करत होता तिच्यासाठी त्याला चार पायऱ्या चढायला लावणे होय. त्याला व्हॉट्सॲपवर एक लिंक मिळावी, तिच्यावर बोट ठेवताच पान उघडावे, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी दिला की त्याचे बॉक्स दिसावेत. हे काम वेबचेच आहे.

2019 च्या ऑगस्टमधील महापुराच्या दिवसांत सांगलीत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता : आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट? तिथली धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. त्या घाईत नवे ॲप उतरवून घेण्याइतका धीर कोणाला होता? एकाने दुसऱ्याला पाठवता येईल अशीच माहिती तेव्हा उपयोगाची होती. बेदाण्याच्या शिलकीची गोष्ट तितकी गंभीर नाही, परंतु क्वचित लागणारी आणि लागेल तेव्हा लगेच हवी असलेली माहिती लिंकच्या रूपात असावी, हे मी त्या दिवसांत पक्के शिकलो.

स्वस्त म्हणजे कच्चे, ही आपली भीती मी समजू शकतो. परंतु इथे खर्चातील फरकाचे मुख्य कारण कामाचा दर्जा हे नसून कामाची पुनरावृत्ती हे आहे. नेटिव्ह ॲप अँड्रॉइडसाठी सहसा कोटलिन भाषेत आणि आयफोनसाठी स्विफ्ट भाषेत लिहितात. म्हणजे तेच पडदे, तेच हिशेब, त्याच चुका आणि त्याच दुरुस्त्या दोनदा. वेब ॲप एकदाच लिहिले जाते आणि ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा सफारीसारखे वेब पाने उघडणारे ॲप, असलेल्या प्रत्येक फोनवर चालते. शिवाय भाड्याचा दर बदलला किंवा पावतीत एक ओळ वाढवायची झाली, तर वेबवर तो बदल सर्व्हरवर, म्हणजे मागच्या मध्यवर्ती संगणकावर, केला की पुढच्या वेळी पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. नेटिव्हमध्ये मात्र नवी आवृत्ती तपासणीसाठी पाठवावी लागते आणि ज्यांनी फोनवरचे ॲप अद्ययावत केलेले नाही त्यांना जुनाच हिशेब दिसत राहण्याचा धोका असतो.

तरीही सांगलीच्या तरुणाला आपण काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. त्याचे पान दोन-तीन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर, एक-दोन कांड्यांच्या सिग्नलवर उघडून दाखवायला सांगा. वेब ॲप मंद असते या तक्रारीमागे बहुतेक वेळा पानाबरोबर उतरणारी अवाजवी जावास्क्रिप्ट (पान चालवणारी आज्ञावली) असते, आणि काही आकडे दाखवण्यासाठी तिची फारशी गरज नसते. दुसरी गोष्ट मराठीची. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद त्याच्या मुळाशी केलेली नसेल, तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाने दाखवतात. गावांची किंवा शेतकऱ्यांची यादी अकारविल्हे लावताना संगणकाच्या मूळ क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर आहे. मराठीचा वर्णक्रम लावण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे, ती वापरणे एवढेच करावे लागते. ज्याच्या कामाचा हिशेब आपण दाखवतो आहोत त्याचे नाव त्याच्या भाषेच्या रीतीने दिसावे, याबाबत मी तडजोड करणार नाही आणि आपणही करू नये.

सौदा झाल्याची सूचना शेतकऱ्याला पाठवायची असेल, तर वेबवरूनही नोटिफिकेशन जाते. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ही सोय 2015 पासून आहे. आयफोनवर ती 2023 च्या मार्चमध्ये, आयओएस 16.4 पासून आली, आणि तीही पान होम स्क्रीनवर ठेवले असेल तरच. मात्र माझा सल्ला असा की, पैशाशी संबंधित सूचना एसएमएसनेच पाठवावी, कारण साध्या फोनवरही ती पोहोचते. त्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी (व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांची नोंदणी) करून संदेशाचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. हे काम ॲप सुरू होण्याच्या बरेच आधी हाती घ्या.

आता दुसरा वापरकर्ता : काट्यावर उभा असलेला आपला माणूस. हंगामात तो सकाळपासून रात्रीपर्यंत तेच काम करतो. समोर हमाल पंधरा किलोचे बॉक्स उतरवत असतात, मागे टेम्पो खोळंबलेला असतो, आणि जाड भिंतींच्या इमारतीत मोबाइलचे नेटवर्क कधी असते, कधी नसते. इथे प्रत्येक नोंदीमागे गेलेले दोन सेकंद दिवसअखेरीस जाणवतात आणि एक हरवलेली नोंद म्हणजे उद्याचे भांडण असते. या ठिकाणी मी नेटिव्ह ॲपच्या बाजूने निःसंकोचपणे उभा राहीन, आणि ते फक्त अँड्रॉइडसाठी पुरेसे आहे, कारण काट्यावरचा फोन किंवा टॅब कोणता घ्यायचा हे आपण ठरवणार आहात.

कारण यंत्रांचे आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याला सहसा मागे आरएस-232 प्रकारचा पोर्ट असतो. त्यातून वजनाचे आकडे सतत बाहेर पडत असतात आणि एका जोडवायरने ते फोनच्या यूएसबीत घेता येतात. अँड्रॉइडचे नेटिव्ह ॲप हे आकडे वाचू शकते, वजन स्थिर झाल्यावरच नोंद घेऊ शकते आणि पडदा बंद पडू न देता दिवसभर चालू राहू शकते. पावती छापणाऱ्या लहान थर्मल प्रिंटरची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांपैकी बरेच जुन्या, म्हणजे क्लासिक ब्लूटूथवर चालतात, तर ब्राउझरमधील वेब ब्लूटूथ ही सोय केवळ लो एनर्जी, म्हणजे कमी वीज वापरणाऱ्या नव्या प्रकारच्या ब्लूटूथसाठी आहे. आयफोनच्या सफारीत तर तीही नाही. त्यातही स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे बसवलेलीच नसतात. त्यांच्याकडे मराठी मजकूर तसाच पाठवला तर कागदावर प्रश्नचिन्हे उमटतात; पावतीचे चित्र तयार करून ते छापावे लागते. ज्याला हे काम द्याल त्याच्याकडून, करार करण्यापूर्वी, आपल्याच काट्यावर आणि आपल्याच प्रिंटरवर एक मराठी पावती काढून घ्या. नंतरच्या सगळ्या चर्चांपेक्षा त्या एका कागदाने अधिक कळेल.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही ॲप लिहिण्याची साधने घेऊन एकाच लेखनात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही साधता येतात, हे आपल्याला कोणी ना कोणी सांगेलच. ते खरे आहे आणि अनेक कामांसाठी तो चांगला मार्ग आहे. परंतु आपल्याकडे ज्या भागाला दोन्ही प्रकारचे फोन लागतात तो वेबने भागतो, आणि ज्या भागाला वेब पुरत नाही त्याला एकाच प्रकारचा फोन लागतो. म्हणून या मधल्या मार्गाची आपल्याला गरज दिसत नाही.

या दोन ॲपांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्यांच्या मागे आहे. आवक, लॉट, भाडे, उचल आणि जावक यांचा हिशेब फोनमध्ये न ठेवता सर्व्हरवर एकाच जागी ठेवावा आणि काट्यावरचे ॲप व शेतकऱ्याचे पान या दोघांनीही तिथूनच तो मागावा. सर्व्हर, डोमेनचे नाव (संकेतस्थळाचा पत्ता) आणि प्ले स्टोअरचे खाते या तिन्ही गोष्टी आपल्या संस्थेच्या नावावर असाव्यात; काम करणाऱ्याच्या नावावर नकोत. एवढे झाले तर उद्या पान बदला, ॲप बदला किंवा माणूस बदला, शेतकऱ्याचा हिशेब जागचा हलणार नाही.

प्रश्न : आमचा गट सातारा जिल्ह्यातील किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांची नोंद करतो : जागा, मापे, पाण्याची स्थिती आणि छायाचित्रे. वासोट्यासारख्या ठिकाणी नेटवर्क अजिबात नसते. वेब ॲप नेटवर्कशिवायही चालते असे ऐकले. ते आमच्या कामाला पुरेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चालते, पण आपल्या कामासाठी त्यावर विसंबू नये.

ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर नावाची सोय असते. एकदा नेटवर्क असताना पान उघडले की ती पानाचे आवश्यक भाग फोनमध्ये ठेवून घेते आणि पुढे नेटवर्क नसतानाही पान उघडते. नोंदी फोनमधील ब्राउझरच्या कोठारात साठवता येतात. अशा पानांना 2015 पासून प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हटले जाऊ लागले; आयफोनवर सर्व्हिस वर्कर 2018 मध्ये, आयओएस 11.3 पासून आला. वासोट्याला जाताना बामणोलीला होडीत बसण्यापूर्वी पान उघडून ठेवले, तर वासोट्याच्या माथ्यावर ते उघडेल आणि जागाही नोंदवता येईल, कारण जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही.

अडचण त्यानंतरची आहे. ब्राउझरचे कोठार ही त्याची जागा आहे, आपली नव्हे. फोन भरत आला की ब्राउझर तिथला मजकूर काढून टाकू शकतो. सफारीने 2020 मध्ये असा नियम केला की, ब्राउझरच्या वापराच्या सात दिवसांत एखाद्या संकेतस्थळाला वापरकर्त्याने हात लावला नाही, तर त्याने साठवलेला मजकूर पुसला जावा. होम स्क्रीनवर ठेवलेल्या पानांना त्यातून सूट आहे, पण गटातील प्रत्येकाने ते पान तसे ठेवले आहे याची खात्री कोण देणार? शिवाय नेटवर्क परत आल्यावर, पान बंद असतानाही नोंदी आपोआप पाठवण्याची सोय क्रोममध्ये आहे, सफारीत नाही. रविवारी किल्ला उतरून आलेला माणूस थकलेला असतो. घरी पोहोचून पान पुन्हा उघडायचे त्याच्या लक्षात राहिले नाही, तर एका दिवसाची सगळी मेहनत धोक्यात येते. कातळात कोरलेल्या टाक्याचे माप घ्यायला आपण पुन्हा इतक्या दूर किती वेळा जाणार आहात?

म्हणून नोंदीसाठी नेटिव्ह ॲपच घ्या, मात्र स्वतः करून घेऊ नका. वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेल्या ओपन डेटा किट या प्रकल्पाचे ‘ओडीके कलेक्ट’ हे अँड्रॉइड ॲप आणि त्याच्याच पायावर उभे असलेले ‘कोबो कलेक्ट’ ही दोन्ही अशाच कामासाठी आहेत. प्रश्नावली मराठीत तयार करता येते, छायाचित्र आणि जागा नोंदीला जोडता येते, आणि नेटवर्क मिळेपर्यंत नोंद फोनमध्येच सुरक्षित राहते. जमलेली माहिती लोकांना दाखवायची वेळ येईल तेव्हा नकाशा आणि छायाचित्रांचे एक साधे वेब पान करा. ते पाहणारे लोक घरी बसलेले असतील आणि त्यांच्याकडे नेटवर्क असेल.

प्रश्न : आमच्या वाचनालयाने काही वर्षांपूर्वी पुस्तकांची यादी पाहण्यासाठी अँड्रॉइड ॲप करून घेतले. जुन्या सभासदांच्या फोनवर ते चालते. नवे सभासद म्हणतात की ते प्ले स्टोअरवर दिसतच नाही. ॲप करून देणारा तरुण आता परगावी आहे. ॲप कोणी काढून टाकले असेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : बहुधा कोणी काढलेले नाही. गूगल दर वर्षी नियम पुढे सरकवते : ॲप अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीला अनुसरून तयार केलेले असावे, याची किमान मर्यादा ठरलेली असते. जे ॲप फार मागे राहते ते नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या माणसाला दाखवले जात नाही. ज्याने आधी घेतले आहे त्याच्याकडे ते राहते. तुमच्याकडील लक्षणे नेमकी हीच आहेत.

दुरुस्तीसाठी ॲपचे मूळ लेखन, प्ले कन्सोलचे (प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्याचे) खाते आणि ॲपवर सही करणारी किल्ली (ॲप मूळ मालकाचेच आहे हे पटवणारी डिजिटल खूण) या तीन गोष्टी लागतात. त्या तरुणाला आजच फोन करून त्या मागून घ्या. 2021 च्या ऑगस्टपासून नव्या ॲपांची सहीची किल्ली गूगलकडेच राहते, त्यामुळे स्वतःकडील अपलोडची (नवी आवृत्ती गूगलकडे पाठवताना लागणारी) किल्ली हरवली तरी ती बदलून मिळते. परंतु ॲप त्याआधीचे असेल, या सोयीत नोंदवलेले नसेल आणि किल्लीही हरवली असेल, तर त्याच ॲपची नवी आवृत्ती देता येणार नाही.

मात्र हा खटाटोप करावाच का, याचा विचार कार्यकारिणीने करावा. पुस्तक शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी फोनच्या कोणत्याही खास सोयीची गरज नाही. एका चांगल्या शोधपानाने तुमचे काम होईल आणि दर वर्षीच्या नियमांमागे धावावे लागणार नाही. काही वर्षांपूर्वी मीही एका संस्थेसाठी वर्षातून एकदा भरायच्या अर्जाचे नेटिव्ह ॲप मोठ्या उत्साहाने लिहून दिले होते. दुसऱ्या वर्षी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी ते फोनमधून काढून टाकलेले होते. सभासदांना प्ले स्टोअरवर नाव दिसण्याचे अप्रूप असेल, तर तेच वेब पान ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी या पद्धतीने तिथे ठेवता येते. गूगलच्या खात्याचे शुल्क एकदाच 25 डॉलर आहे. ॲपलकडे ते दर वर्षी 99 डॉलर आहे, आणि नुसते संकेतस्थळ गुंडाळून पाठवलेले ॲप ॲपलचे परीक्षक त्यांच्या नियमावलीनुसार परत पाठवतात. तिकडे जाऊ नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. वेब शिकावे की नेटिव्ह? मित्र म्हणतात की वेब ॲपचे दिवस संपले. शिक्षक म्हणतात की पुढचा काळ वेबचाच आहे.
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : दोघांचेही म्हणणे यापूर्वी अनेकदा मांडले गेले आहे. 2007 मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी बाहेरच्या विकासकांना वेब ॲपचाच मार्ग सांगितला होता. पुढच्याच वर्षी, जुलै 2008 मध्ये, सुमारे 500 नेटिव्ह ॲप घेऊन ॲप स्टोअर सुरू झाले. 2012 मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी मोबाइलसाठी एचटीएमएल-5 वर, म्हणजे वेबच्या तंत्रावर, फार भिस्त ठेवणे ही फेसबुकची मोठी चूक होती, असे जाहीरपणे मान्य केले. आपल्याकडे कपडे विकणाऱ्या मिंत्रा या कंपनीने 2015 मध्ये संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर राहण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी ती वेबवर परतली. त्याच 2015 मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लिपकार्ट लाइट’ हे वेब ॲप आणले. या सगळ्या कंपन्यांकडे उत्तम अभियंते होते. त्यांचे ग्राहक, त्या वेळचे फोन आणि त्या वेळचे ब्राउझर वेगळे होते, म्हणून उत्तरे वेगळी आली.

आधी वेब शिक, कारण एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांचा पाया पक्का झाला की ब्राउझर असलेल्या कोणत्याही फोनवर तुझे काम दुसऱ्याला दाखवता येते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्यानंतर कोटलिन घे. स्विफ्ट नंतर पाहता येईल. आयफोनच्या कामासाठी मॅक संगणक लागतो आणि तो खर्च आत्ताच करण्याचे कारण नाही.

आणि एक काम कर. एखादी लहान गोष्ट निवड, उदाहरणार्थ सांगलीच्या बाजारातील हळदीचे दर नोंदवून ठेवणारी वही. ती एकदा वेबवर कर आणि एकदा कोटलिनमध्ये कर. मग घरातला सर्वांत जुना अँड्रॉइड फोन घे, मोबाइल डेटा बंद कर आणि दोन्ही उघडून नव्या दहा नोंदी कर. फोन बंद करून पुन्हा सुरू कर आणि कोणत्या नोंदी राहिल्या ते पाहा. जे दिसेल ते लिहून मला पाठव. पुढच्या अंकात त्यावर सविस्तर लिहीन.